डावीकडची ओसरी

हौसाला लाज म्हणून नव्हती! शेवग्याच्या झाडावरून भांडण झाल्यापासून भागाक्कांनी ह्या धाकट्या जावेचं तोंड बघणं सोडलं होतं, तरी ती शेजारच्या ओसरीवरून खुशाल हसत होती.

मानेत शीर दबल्यानं भागाक्कांच्या हाताला मुंग्या यायच्या. फिजिओथेरपीवाल्या पोरीनं मान डावीकडे वळवायचा व्यायाम दिला, आणि हौसाची ओसरी नेमकी डावीकडे. मान कुरकुरत वळली, की समोर हौसा. पाठ करून बसावं, तर म्हणेल घाबरली!

आज हौसाच गरम वाळूची पुरचुंडी घेऊन आली अन् मान शेकू लागली. भागाक्कांना बरं वाटलं, त्याचाच राग आला.

“हौसे, मान बरी होईस्तोवरच बोलणार आहे तुझ्याशी. आणि ती पोरगी म्हणाली, ह्या वयात लवकर बरी होत नाही. उद्या वेळेवर ये.”