बिनटपाची बस

मुक्ताबाईचा नवरा सिद्राम हयातभर त्या बिनटपाच्या दुमजली बसचा कंडक्टर. सात रस्ता चौकातला कडुलिंब आला की ओरडायचा, "डोकी खाली!" वरचे सगळे वाकायचे.

सिद्राम गेला, कडुलिंबही तोडला. जुनी बस मात्र रंगवून पुन्हा काढली, म्हणून मुक्ताबाई लेकाला, सतीशला, घेऊन वर बसली. चौकात कडुलिंबाच्या जागी नुसतं ऊन होतं. तरी कुणी न सांगता सगळी माणसं वाकली. तीही वाकली.

"सत्या, वाक की रं!"

उभ्यानं व्हिडिओ काढणारा सतीश हसला. "आई, झाड हाय कुटं?"

तिच्या पाठीवरून गार सावली सरकली. माणसं सरळ झाली, गप्पा मारू लागली. सतीश तसाच उभा होता. त्याच्या शर्टावरची कडुलिंबाची ओली पानं मुक्ताबाई एकेक करून वेचत राहिली. कॉलरच्या वर तिनं पाहिलं नाही.