गालावरचा काप

“नीट बोलताना शेवटचं कधी पाहिलंत यांना?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

“आत्ताच हो,” धाकटा म्हणाला. “सलून बंद करत होतो. दादा बोलता बोलता कोसळला. तसाच उचलून आणला.”

खाटेवरच्या थोरल्याने ते ऐकलं. उजवा हात ओंडक्यासारखा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं. शब्द घशापर्यंत येऊन माघारी फिरत होते. कान तेवढे शाबूत होते.

सकाळी त्याच्या हातातून वस्तरा निसटला, तेव्हा धाकटा हसला होता. “काय दादा, रात्रीची उतरली नाही वाटतं?” मग जीभ अडखळली. धाकट्याने त्याला आतल्या खोलीत बाकावर आडवं केलं आणि पडदा ओढला. दिवसभर पलीकडे कात्री चालत राहिली. थोरले कुठायत, असं कुणी विचारलं की एकच उत्तर: “महाराज निद्रिस्त आहेत!” गिऱ्हाइकं हसायची. एकदा धाकट्याने पडदा सारून पाहिलंही. दोघांची नजरानजर झाली. पडदा पुन्हा ओढला गेला.

“मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे,” डॉक्टर म्हणाले. “ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण झटका येऊन फार वेळ झाला असेल, तर त्यानेच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. माणूस हातचा जातो. म्हणून खोदून विचारतोय.”

“भाऊजी होते म्हणून निभावलं,” थोरल्याची बायको डोळे पुसत म्हणाली.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “आत्ताच झालंय. द्या इंजेक्शन.”

नर्स औषध भरू लागली. थोरल्याने डावा हात उचलला. धाकटा लगबगीने वाकला. “काय दादा? पाणी हवं?”

हात त्याच्या गालावर टेकला.

“या अवस्थेतही माया बघा,” बायकोला हुंदका आला.

पण हात फिरला नाही. एक बोट गालावरच्या कापावर टेकलं आणि तिथेच राहिलं. डॉक्टर जवळ आले.

“हे कशाने?”

“दाढी... दादा माझी दाढी करत होता, तेव्हा...”

बायकोचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. “भाऊजी, तुम्ही दोघं एकमेकांची दाढी तर सलून उघडायच्या आधी करता ना?”

डॉक्टरांनी हाताने नर्सला थांबवलं.

बोटाखालची खपली वाळून काळी पडली होती.