सावरीची होडी

तरणा मुलगा नदीत बुडाला, त्याच वर्षी होडी बनवणाऱ्या बापाने अंगणातली सावर तोडली. तिच्या बोंडांतल्या कापसाची उशी पोराला तान्हेपणी केली होती. मोठेपणी तो म्हणायचा, "बाबा, हिची होडी करा की! लाकूड हलकं आहे, पिसासारखी तरंगेल."

बापाने काटेरी साल तासली, अख्खं खोड कोरलं आणि होडी एकट्यानेच पाण्यात ढकलली. तो मागच्या टोकाला बसला. पुढचं टोक वर उचलायला हवं होतं, पण ते खाली दबलं.

त्याने लाकूड चाचपून पाहिलं. ते खडखडीत कोरडं होतं. मग रोजच तसं होऊ लागलं. हळूहळू तो पुढे बघत घरच्या गोष्टी बोलू लागला.

बायकोच्या कानावर हे गेलं. "अहो, मलाही न्या. एकदाच."

ती मधोमध मांडी घालून बसली, तोंड पुढच्या टोकाकडे. "बाळा, आई आलीय रे."

पुढचं टोक सावकाश वर आलं. बाप ओरडला, "अगं, गेला गं!"

"हळू बोला," ती मागे न बघता पुटपुटली. "माझी मांडी जड झालीय."