राखीव खडा

लिलाबाई दर शनिवारी नवऱ्याचा लायटर भरून घ्यायला धुळ्याच्या स्टँडसमोर पितांबरच्या लायटर-दुरुस्तीच्या टपरीवर यायची. न पेटवताही त्यातलं पेट्रोल आठवड्यात उडून जायचं. एकाहत्तर साली कापसाच्या गाठींचा ट्रक घेऊन इंदूरला निघालेला नवरा चार वर्षांत परतला नव्हता. पण येईल तेव्हा लायटर पेटायला हवा, हा तिचा हट्ट. आज पितांबरने चाक फिरवलं, ठिणगी पडेना. चकमकीचा खडा पार झिजला होता. "अक्का, विड्या ओढायला लागलात काय?" "छे, भाऊ. नुसतं चाक फिरवते. हे दारात आले की आधी तोच आवाज यायचा." पितांबरने लायटर उघडला. पेट्रोल भरायला त्याने बुडाचा कापूस उचलला. खाली दर वेळी दिसणारा कोरा खडा होता. "तुमच्या मालकांनी एक राखून ठेवलाय. हाच बसवतो." "नको. तुमच्याकडचा घाला," लिलाबाई घाईने म्हणाली. "तो तिथेच राहू द्या. आल्यावर त्यांना लागेल."