आवाजाची चाचणी

"ब्रेट, लॅपटॉपमधून आवाजच येत नाही रे," सासूबाई म्हणाल्या. त्यावर लिनक्स ही नवी प्रणाली मीच हौसेनं घालून दिली होती, म्हणून थँक्सगिव्हिंगचं जेवण मांडेपर्यंत वरच्या खोलीत दुरुस्तीला बसलो. कमांडवर कमांड टाइप केल्या, आवाज पूर्ण वाढवला, तरी शांतताच. निदान माइक चालतो का बघायला वैतागून स्वतःचंच बोलणं रेकॉर्ड केलं: "म्हातारीला अक्कल नाही, काहीतरी दाबून ठेवलं असणार." ते पुन्हा पुन्हा वाजवलं. लॅपटॉप ढिम्म. मग सेटिंगमध्ये दिसलं: आवाज खाली स्वयंपाकघरातल्या ब्लूटूथ स्पीकरकडे जात होता. तो गेल्या नाताळात मीच जोडून दिला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली उतरलो. टेबलाभोवती सगळी सासुरवाडी ताटलीत बघत बसलेली. सासूबाईंनी टर्कीचा मोठा तुकडा मला वाढला. "आवाज आला हो, जावईबापू. जरा कमी करा. अक्कल नसली तरी म्हातारीचे कान शाबूत आहेत."