बोटं हलत्यात का?

बाप कंपवातानं झिजून गेला, तवापासून मारुतरावांच्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता. रोज सकाळी ते ओट्यावर बसत, दोन्ही हात पुढं ताणून धरत आणि बायकोला हाक मारत, "हौसा, बघ गं, बोटं हलत्यात का?"

हौसाबाई हातातलं काम टाकून येई, डोळे बारीक करून एकेक बोट निरखी. "न्हाई हलत. च्या घ्या."

शिरूरचे डॉक्टर तसलं काही नाही म्हणाले, तरी मारुतरावांचा विश्वास बसेना. शेवटी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडं नंबर लावला. एसटी स्टँडकडं निघाले तेव्हा मारुतराव पुढं झपाझपा, मागनं हौसाबाईची चप्पल फरफटत येत होती.

"पाय उचल की जरा! गाडी काय तुझ्यासाठी थांबणार हाय?" ते मागं न बघताच खेकसले.

मोठ्या डॉक्टरांनी हात, डोळे, चाल, सगळं तपासलं. "ठणठणीत आहात. काहीही झालेलं नाही तुम्हाला."

मारुतरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. हात जोडून ते ताठ मानेनं दाराकडं निघाले. मागोमाग हौसाबाई.

"थांबा." डॉक्टरांची नजर हौसाबाईच्या पायांवर खिळली होती. "बाई उजवा पाय कधीपासून असा ओढत चालतायत?"

मारुतराव गर्रकन वळले. "पाय? हिचा?"

"अहो, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"त्यांना कसं दिसंल, डॉक्टरसाहेब?" हौसाबाई म्हणाली. "मी जल्मभर मागनंच चालले."