सहा महिन्यांचं औषध

दवाखान्याचा एक जिना चढताना तीनदा थांबलेले गृहस्थ धापा टाकत डॉक्टरांसमोर बसले. शेजारी बायको.

"इन्हेलर रोज घेताय ना?"

"सहा महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. रोज सकाळी, आरशासमोर उभं राहून."

"स्पेसर लावून?"

"छे! तो इन्हेलरपुढे लावायचा नळा लहान पोरांना. तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं मी, मला एवढंसं बटण दाबता येणार नाही होय?"

त्यांनी खिशातून इन्हेलर काढला, आ वासला आणि हॉर्न वाजवावा तसा तो दाबला. फवारा तोंडात शिरला आणि तसाच ढगासारखा बाहेर आला. गृहस्थ विजयी मुद्रेने हसले, मग खोकत बसले.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, घरीपण असंच?"

"रोज. स्पेसर कपाटात आहे, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांशेजारी. अजून वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही."

"मग या औषधाने काहीच फरक नाही?"

"असं कसं म्हणता, डॉक्टर?" बायको म्हणाली. "सहा महिन्यांत आमच्या आरशाला एकदाही धाप लागली नाही."